हंड्रेडकाका आणि सरळ रेघा

हंड्रेडकाकांनी कुठल्याही फोटोला कधी चांगलं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. फोटो समोर आला की त्यांचे खांदे वर चढायचे आणि चष्मा कपाळावरून नाकावर यायचा. मुंजीतला बटू असो की समुद्रावरचा सूर्य, त्यांना त्यात आधी बिघाड दिसायचा. "काय तरी असणार. नाही असं होत नाही," असं पुटपुटत ते फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करत आणि वाफ्याला पाणी द्यावं तसे एकेक पट्टा पुढे सरकत. एका फोटोला अर्धा तास. तोवर फोटो आणणारा माणूस समोरच्या बाकावर बोटं मोडत बसलेला असे. सात वर्षांत मी त्या बाकावर इतक्या वेळा जीव मुठीत धरून बसले आहे की त्याची कुठली फळी हलते हे मला पाठ झालं होतं.

अंबरपेठेत भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर त्यांची जागा होती. पुढे दुकान, मागे संसार. दुकान म्हणजे एक टेबल, दोन मॉनिटर, ऊन अडवायला काळा पडदा आणि तो बाक. पूर्वी ते एका कलर लॅबमध्ये प्रिंट काढायचे. लॅब बंद पडली आणि शहरातले फोटोग्राफर आपापले आजारी फोटो घेऊन त्यांच्या घरी यायला लागले. कुणाच्या फोटोत रंगीत लाटा, कुणाच्या फोटोत हॉलमधल्या एलईडी दिव्यांचे आडवे पट्टे, तर कुणाच्या प्रत्येक नवरदेवाच्या कपाळावर त्याच जागी जांभळा ठिपका. या ठिपकेवाल्याने कॅमेऱ्याच्या बॅगेला लिंबू-मिरची बांधून पाहिली होती, आणि काकांनी दोन मिनिटांत कॅमेऱ्यातल्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरचा एक कण मेलाय म्हणून सांगितलं, तरी त्याने ती सोडली नाही.

घाबरलेला माणूस धडाधड बोलायला लागला की काका हात वर करत आणि आपलं ठरलेलं वाक्य टाकत, "पैले हंड्रेड पे देखो, फिर रोना." फोटो स्क्रीनवर मावावा म्हणून लहान करून दाखवला जातो, आणि त्या लहान करण्यातच कितीतरी खोट्या लाटा उठतात. तोच फोटो शंभर टक्के मापात उघडला की त्यातल्या पुष्कळशा नाहीशा होतात. निम्मे लोक तिथेच हसत घरी जात. त्यावरून फोटोग्राफर पोरांनी त्यांचं नाव हंड्रेड अंकल ठेवलं. मी पुण्याची, म्हणून माझ्या तोंडी त्यांचे हंड्रेडकाका झाले.

मी मुळातच भित्री. तरी नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून निजामाच्या या शहरात कुकटपल्लीला राहायला आल्यावर मी माझी ऑफिसची नोकरी सोडली आणि यापुढे कॅमेऱ्यावर जगणार असं दोन्हीकडच्या नातेवाइकांना सांगून बसले. पहिलं काम मिळालं ते विद्यानगरच्या एका बाईंचं. त्या हातमागाच्या साड्या ऑनलाइन विकायच्या. चार दिवस घरातल्या हॉलमध्ये चादर लावून मी साड्यांचे फोटो काढले, आणि पाचव्या दिवशी ते कॉम्प्युटरवर उघडून पाहिले तर बारीक चौकडीच्या प्रत्येक साडीवर हिरव्या-जांभळ्या लाटा. कापडात तसं काही नव्हतं. साड्या दुसऱ्या दिवशी परत द्यायच्या होत्या. बाईंनी सांगूनच ठेवलं होतं, फोटोत एक आणि हातात एक असं झालं की गिऱ्हाईक साडी परत पाठवतं, आणि मग फोटोवालीही बदलावी लागते. कॅमेरा विकणाऱ्याने दिलेला काकांचा पत्ता घेऊन, मेट्रो आणि पुढे ऑटो करून मी अंबरपेठेत पोचले.

काकांनी सगळे फोटो शंभर टक्क्यांवर लावले. निम्म्यांमधल्या लाटा तिथल्या तिथे गेल्या. उरलेल्यांमधल्या गेल्या नाहीत. "ह्या खऱ्या खोट्या आहेत," ते म्हणाले आणि आत वळून ओरडले, "अगं, चाळण्या दे दोन." काकू पिठाचे हात पुसत दोन बारीक चाळण्या घेऊन आल्या. त्यांचा चेहरा सांगत होता की हे रोजचं आहे आणि चाळण्या कधीच वेळेवर परत मिळत नाहीत. काकांनी दोन्ही चाळण्या एकावर एक ठेवून उजेडात धरल्या आणि वरची जरा फिरवली. जाळीवर लाटा उठल्या, सरकल्या, मोठ्या झाल्या.

"एक जाळी तुझ्या साडीची. एक कॅमेऱ्याच्या आत असती, सेन्सरची. दोन्ही जवळजवळ सारख्या झाल्या की ही तिसरी दिसती. ही कुणाचीच नाही," काका म्हणाले. "आता घरी जा. एक पाऊल मागं सरकून फोटो काढ. लाट गेली तर बस. नाही गेली तर पहिल्या जागी ये, आन् कॅमेरा जरा तिरपा कर. दोन्ही एकदम करू नको. एका टायमाला एकच."

रडवेल्या आवाजात मी विचारलं, एकदम दोन्ही केलं तर काम लवकर नाही का होणार? "होईल की. पण मग कशानं झालं ते कळणार नाही, आन् पुढच्या बारीला परत माझ्याकडं पळत येशील." संध्याकाळपर्यंत मी एकेक पाऊल मागेपुढे करत सगळ्या साड्यांचे फोटो पुन्हा काढले. काम टिकलं. तरी पुढच्या बारीला मी पळत गेलेच, आणि त्याच्या पुढच्याही.

माझ्या बोलण्याची ते मजेत खोड काढत. त्यांच्या आजोबांची शेती बिदरकडे होती, वडील निजामाच्या काळातच शहरात आले, आणि काकांनी महाराष्ट्र पाहिला तो लग्नकार्यापुरता. "तुमचं पुण्याचं मराठी कडक इस्त्रीचं. घालून बसायला भ्या वाटतं," ते म्हणायचे. त्यांची मराठी दख्खनीत मुरलेली होती. "हौ" आणि "नक्को" शिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे, आणि भाजीवालीशी ते अस्खलित तेलुगूत भांडत. भांडण कोथिंबिरीवरून असे. ते नेहमी हरत.

पण हसण्याखाली त्यांना कायम कसलीतरी धास्ती असे, आणि तिचं कारण मला फार उशिरा कळलं. कुणाचाही फोटो दुरुस्त करण्याआधी ते त्याच्या तीन प्रती करून तीन ठिकाणी ठेवत. चेहऱ्यावरच्या कुठल्याही डागाला विचारल्याशिवाय हात लावत नसत. नवरीला फोन करून विचारायचे, "बेटा, हनुवटीवर काळं काय आहे? तुझं आहे की कॅमेऱ्याचं?" मी एकदा हसले. तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. लॅब नुकतीच बंद झाली होती, तेव्हा एक बाई अपघातात गेलेल्या मुलाचा फोटो मोठा करायला घेऊन आली. गालावर दोन काळे ठिपके होते. सेन्सरवरची धूळ समजून काकांनी दोन्ही पुसले आणि त्याच फाईलवर सेव्ह केलं. एक धूळच होती. दुसरा तीळ होता. बाईने फ्रेम हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवून म्हणाली, इथे होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तिनं बोट ठेवलं तिथं मी तीळ रंगवून दिला. तिच्या घरात टांगलाय तो. मी रंगवलेला तीळ, तिच्या पोराचा नव्हे." काकांनी चष्मा पुसला. "खोटं काढायला जावं आन् खरंच जावं, ह्याची मला लई भीती आहे, माय."

त्यानंतर मी त्यांना त्या तीन प्रतींवरून कधी चिडवलं नाही. उलट मीही तीन प्रती करायला लागले.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात, उगादी, म्हणजे आपला पाडवा, होऊन काही दिवस झाले असतील, त्यांचा फोन आला. "तुझ्या साड्यांचे काठ वाकायलेत." दिवाळीच्या साड्यांचं सगळं काम विद्यानगरच्या त्याच बाईंनी मला द्यायचं ठरवलं होतं आणि त्याचे नमुन्याचे फोटो मी काकांकडे तपासायला पाठवले होते. मी घरी प्रत्येक फोटो शंभर टक्क्यांवर लावून पाहिला. काठ सरळ होते. तरी माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना, कारण काका म्हणतात म्हणजे असणार. लेन्स खराब झाली, असं धरून मी निघाले.

दुकानात टेबलाखाली वायरींचा ढीग पडला होता. काकांनी मॉनिटरची केबल बदलली होती, मग मॉनिटरच बदलला होता, मग स्टॅबिलायझर. "एकट्या तुझ्या नाही, सगळ्यांच्याच फोटोत लाट येतीय. तीन आठवडे झाले. करंटचाच काहीतरी लफडा आहे ह्या गल्लीत." फोटोग्राफर पोरं फोटो परत नेत होती आणि बाहेर जाऊन हसत होती, हे मला नंतर कळलं. मी त्यांच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं. काठ सरळ होता. त्यांनी बोट ठेवलं तिथेही सरळ होता.

काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं, आणि ते बोलायची मला भीती वाटली. सात वर्षं मी या माणसाला, काका, बघा ना, म्हणत आले होते. आता, काका, तुम्हाला दिसत नाहीये, असं कसं म्हणायचं? काकूंनी चहा आणून ठेवला. मी तो निम्मा प्यायले, मग कप खाली ठेवला.

"काका, मला सरळ दिसतंय."

मग त्यांनी मान वळवून दाराच्या चौकटीकडे पाहिलं, आणि ज्या सवयीने पाहिलं त्यावरून मला कळलं की हे पहिल्यांदा नाही. चौकटही वाकत होती, आणि त्यांना ते माहीत होतं.

"एका टायमाला एकच, काका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "उजवा डोळा झाका."

त्यांनी झाकला. चौकट वाकलेली, मध्ये धुरकट. मग डावा झाकला. चौकट सरळ. काकू ट्रे हातात धरून दारातच उभ्या होत्या. काका डाव्या डोळ्यावरचा हात न काढताच अगदी हळू म्हणाले, "मी तीन आठवडे वायरी बदलायलोय."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली रक्त झिरपलंय. या आजारात सरळ रेघा वाकड्या दिसायला लागतात, आणि त्या दिसल्या त्याच दिवशी यायला हवं होतं. तीन आठवड्यांपूर्वी आला असतात तर, एवढं म्हणून ते थांबले. इंजेक्शनं झाली, पण डाव्या डोळ्याचा मधला भाग परत आला नाही. त्या डोळ्याने त्यांना दाराच्या कडा दिसत, दारात उभा असलेला माणूस दिसत नसे. उजवा चांगला होता. पण उजव्यालाही हेच होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांनी त्यांना एक कागद दिला. त्यावर बारीक चौकडी आणि मधोमध एक ठिपका. रोज सकाळी चष्मा लावायचा, डावा डोळा झाकायचा, ठिपक्यावर नजर ठेवायची, आणि एक जरी रेघ वाकलेली दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दुकान बंद झालं. मॉनिटरवर काकूंनी जुनी साडी टाकली. कागद बाकासमोरच्या भिंतीवर लागला. मी दर गुरुवारी जायला लागले. निमित्त भाजीचं असे, पण खरं तर मला त्यांच्या तोंडून ते "सरळ" ऐकायचं असे. काका डावा डोळा झाकत, भिंतीकडे बघत, "सरळ," म्हणत आणि चहा मागत. मला हायसं वाटायचं. माझं हायसं वाटणं किती स्वस्त होतं, हे काकूंनी मला एका गुरुवारी स्वयंपाकघरात सांगितलं.

"पोरी, तुझ्या साडीच्या एका काठाला हा माणूस अर्धा घंटा घ्यायचा," त्या ओट्याकडे तोंड करून म्हणाल्या. "हा कागद तर पापणी लवायच्या आत बघून होतो. मला काय की बरं वाटंना."

त्या आठवड्यात मी घरी तसाच कागद छापला. वरच्या डाव्या बाजूची एकच रेघ कॉम्प्युटरवर जराशी वाकवली. पुढच्या गुरुवारी काका आंघोळीला गेले असताना भिंतीवरचा कागद काढून माझा लावला. काकूंना सांगितलं होतं. आम्ही दोघी चोरी केल्यासारख्या बाकावर बसून राहिलो.

काका आले, डावा डोळा झाकला, भिंतीकडे तोंड केलं. "सरळ. चहा ठेव गं."

काकू उठल्या नाहीत. डोळा गेला होता, किंवा ते खोटं बोलत होते, आणि यातलं कुठलं बरं हे मला ठरवता येईना.

"काका, परत बघा. वरच्या कोपऱ्यापासून."

"मला शिकवायलीस?" ते चिडले. माझ्यावर ते कधी चिडले नव्हते. मग ते बाकावर माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी हात मांड्यांमध्ये दाबून धरले. "मी बघत नाही, माय. दोन महिने झाले. डोळे मिटूनच म्हणतो. वाकडी दिसली तर मी काय करू? केबल बदलू? ह्याच्यामागं आता दुसरा डोळा नाही."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला रडू येत होतं, आणि रागही येत होता. दुसऱ्यांच्या फोटोंवर अर्धा अर्धा तास घालवणाऱ्या माणसाने स्वतःला एक मिनिट देऊ नये याचा राग. मी उठले, कागद भिंतीवरून काढून त्यांच्यासमोर हातभर अंतरावर धरला आणि दुसऱ्या हाताने त्यांचा डावा डोळा झाकला. "ठिपका दिसतोय?"

"हौ."

"आता सांगा. मी आहे."

ते बघायला लागले. खरं बघायला लागले, ते मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. एकाएकी त्यांनी माझं मनगट धरलं.

"वर, डाव्या अंगाला. वाकलीय."

"ती मी वाकवलीय, काका. तुम्ही बघता की नाही ते बघायला."

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी मोठा श्वास सोडला, आणि सगळं अंग सैल सोडून चक्क हसले. "बदमाश. माझ्याकडंच शिकून मलाच?" काकूही डोळे पुसत हसल्या. मी कागद खाली घेणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब." त्यांची नजर ठिपक्यावरून हललेली नव्हती.

"आन् ही ठिपक्याच्या खालची? हीपण तूच वाकवलीस ना?"

मी कागद माझ्याकडे वळवला. ठिपक्याच्या खालची रेघ सरळ होती. मी एकच वाकवली होती.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. काकांना आमच्या न बोलण्यावरून कळलं. त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. "चप्पल घाला, काका," मी म्हणाले.

अकरा वाजता आम्ही डॉक्टरांसमोर होतो. त्यांनी तपासलं आणि या खेपेला वाक्य पुरं केलं. सुरुवातच आहे, म्हणाले, आजच आलात ते बरं झालं. पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी दिलं. काकांनी एका हाताने काकूंचा हात धरला होता आणि दुसऱ्या हातात तो माझा खोटा कागद घडी करून ठेवला होता. तो त्यांनी मला परत दिला नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. उजवा डोळा अजून टिकून आहे. दुकान उघडायचं नाही, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं, आणि फोटोग्राफर पोरं आता आपले आजारी फोटो माझ्याकडे पाठवतात. मला त्यातलं निम्मंच कळतं. उरलेलं मी काकांना फोनवर वर्णन करून विचारते, आणि ते विचारतात, अंतर बदललंस? मग कोन? एकदम नाही ना?

कागद मात्र ते आता खरोखर बघतात. काकू शेजारी घड्याळ घेऊन बसतात आणि पुरतं एक मिनिट झाल्याशिवाय चहा ठेवत नाहीत. बघून झालं की काय दिसलं ते सांगायला ते मला फोन करतात, रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला. तेव्हा माझी पोळी तव्यावर असते. फोन वाजला की, तसंच निघावं लागलं तर म्हणून, मी आधी गॅस बंद करते, आणि मग उचलते.